‘पिशवीला सूज’ : सोनोग्राफीच्या अहवालातला एक शब्द

पेठ-सुरगाण्याहून एसटीने सीबीएस बसस्थानकावर उतरून सोनोग्राफीला आलेल्या बायका नाशिकमध्ये रोज दिसतात. एका हातात फाइलची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. लघवी रोखून धरायची असते, तरच पोटावरून चित्र नीट दिसतं. घरी जाताना मात्र बहुतेकींच्या लक्षात एवढंच राहतं : पिशवीला, म्हणजे गर्भाशयाला, सूज आहे.

ध्वनिलहरींनी पोटातल्या गाठी ओळखता येतात, हे ग्लासगोतून १९५८ साली प्रसिद्ध झालं. पुढची कित्येक वर्षं हे तंत्र मुख्यतः गर्भ आणि गाठी पाहण्यासाठीच वापरलं गेलं. जंतूंच्या संसर्गाने आलेली खरी सूज टिपण्याइतकं बारीक चित्र मिळू लागलं ते १९८० च्या दशकात, खालून, म्हणजे योनीमार्गातून, तपासायची नळी (प्रोब) आल्यावर. गर्भनलिकेची भिंत ५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, आत पू, आडव्या छेदात दातेरी चाकासारखा आकार, या खुणा नव्वदच्या दशकात पक्क्या झाल्या.

खरा घोळ आहे अहवालातल्या ‘बल्की युटेरस’ या शब्दांचा. याचा अर्थ आकाराने मोठं गर्भाशय, एवढाच. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं ते थोडं मोठं असतंच. फायब्रॉइडने (गर्भाशयातल्या साध्या गाठींनी), अ‍ॅडिनोमायोसिसनेही (अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत वाढल्यानेही) वाढतं. जंतूंचा त्यात संबंध नाही. पण मराठीत सांगताना त्याची ‘सूज’ होते. बीज फुटल्यावर गर्भाशयामागे दिसणारं चमचाभर पाणीही त्याच खात्यात जातं.

आणि ज्या बाईला खरोखर संसर्ग आहे, तिची सोनोग्राफी सुरुवातीला बऱ्याचदा नॉर्मल येते. तिचं ओटीपोट दुखतं, अंगावरून घाण वासाचं जातं, कणकण असते, तरी अहवाल पाहून तिला परत पाठवलं जातं. हे मला सर्वांत गंभीर वाटतं. कारण हे निदान आजही आधी हाताने तपासून होतं : गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर कळ येते का, ते पाहून. यंत्राचा खरा उपयोग पुवाची गाठ शोधायला, किंवा अपेंडिक्स आणि गर्भनलिकेत राहिलेला गर्भ यांपासून फरक करायला.

‘सूज’ म्हटलं की गोष्ट पिशवी काढण्यापर्यंत जाऊ शकते. बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पिशवी काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत स्वीकारा, असं राज्यांना सांगितलं. संसर्गाच्या सुजेवर पहिला इलाज गोळ्या-इंजेक्शनांचा, साधारण १४ दिवसांचा. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं.