जंगल किती पाणी उडवतं? एका हिशेबाची पार्श्वभूमी

पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांना बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले की कोल्हापुरात पाण्याचा हिशेब सुरू होतो. राधानगरीत किती, काळम्मावाडीत किती. जलाशयावरून उडणारं पाणी अजमावायला बाष्पीभवन पात्र असतं: चार फूट व्यासाचं, दहा इंच खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेलं, पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून वर जाळी. दाजीपूरच्या रानात त्याचा फारसा उपयोग नाही. तिथं पाणी मुख्यतः पानांवाटे जातं.

१९४८ साली अमेरिकेत थॉर्नथ्वेट आणि इंग्लंडमध्ये पेनमन यांनी जमिनीवरून आणि पानांवाटे किती पाणी उडेल हे काढायची आपापली सूत्रं मांडली. पेनमनपुढे होतं आखूड, भरपूर पाणी मिळालेलं गवत. १९६५ मध्ये माँटीथने त्यात पानांच्या रंध्रांचा, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या बारीक छिद्रांचा, अडथळा धरला. उसाला पाणी किती लागेल हे काढायची आजची रीत याच घराण्यातली.

जंगलाचा प्रश्न ऐरणीवर आणला तो मात्र पाणीपुरवठ्याच्या एका अभियंत्याने. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या स्टॉक्स जलाशयापाशी लहानशा तुकड्यावर मोजमाप करून फ्रँक लॉने १९५६ मध्ये सांगितलं की स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाची लागवड धरणाचं पाणी खाते. वाद झाला, तो रास्तच होता. एवढ्याशा तुकड्यावरून अख्खं पाणलोट कसं ठरवायचं? अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या कोवीटा इथं अख्ख्या पाणलोटातलं पानगळीचं रान काढून पांढरा पाइन लावला, तेव्हा पंधराएक वर्षांत ओढ्याचा वार्षिक प्रवाह अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्के घटला. पाइन हिवाळ्यातही हिरवा असतो आणि सुयांवर अडकलेला पाऊस जमिनीवर पडण्याआधीच उडून जातो.

पाणलोटातून वाहणारा ओढा मोजायची ही युक्ती सपाट किनारी भागात चालेना. फ्लोरिडात पाइनचं रान आणि सायप्रसची दलदल यांच्या उंचीत फूट-दोन फुटांचा फरक, मग पाणलोटाची हद्द आखायची कुठं? तिथं भूजलाची पातळीच हिशेबाचा कणा ठरली. स्कॅग्ज यांचं ‘ड्रेनमॉड’ हे भूजलाचा हिशेब करणारं संगणकी प्रारूप १९७०च्या दशकात निचरा न होणाऱ्या शेतांसाठी घडलं, पुढे त्यात झाडं आली. दलदलीतला सायप्रस हिवाळ्यात पानं गाळतो, शेजारचा पाइन गाळत नाही. दोघांना पाणी उडण्याचा एकच गुणांक लावला की गणित बिघडतं.

आपल्याकडे सह्याद्रीत पाइनचं रान नाही. पण घाट उतरून दोडामार्गकडे गेलं की बांबर्डेत जायफळ कुळातल्या झाडांची दलदल आहे, २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरलेली. आणि दाजीपूरचं रान चार महिने भिजतं, मग उन्हाळ्यात मुळांनी ओढून काढतं. तिथं परक्या जंगलाचे आकडे उसने आणण्यापेक्षा झाडांखाली आणि मोकळ्या माळावर पर्जन्यमापक लावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.