प्रेबिश–सिंगर सिद्धांत

शेतमाल, खनिजे यांसारख्या प्राथमिक वस्तूंच्या किमती पक्क्या मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात आणि त्यामुळे कच्चा माल निर्यात करणाऱ्या देशांच्या व्यापारशर्ती (निर्यात व आयात मालाच्या किमतींचे परस्पर प्रमाण) प्रतिकूल होत जातात, असे प्रतिपादन करणारा विकासाच्या अर्थशास्त्रातील सिद्धांत. अर्जेंटिनाचे राउल प्रेबिश (१९०१–८६) आणि जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ हान्स सिंगर (१९१०–२००६) यांच्या नावांनी तो ओळखला जातो. अभिजात अर्थशास्त्रज्ञांची अपेक्षा याच्या नेमकी उलट होती: जमीन मर्यादित असल्याने धान्य व कच्चा माल महाग होत जाणार आणि कारखान्यातील वस्तू स्वस्त होणार, असे ते मानीत.

सिद्धांताचा पहिला मान कोणाचा, याबद्दल एकमत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालात १९४९ च्या सुरुवातीस अविकसित देशांच्या आयात-निर्यात किमतींची तुलना प्रसिद्ध झाली. अहवालावर लेखकाचे नाव नसले, तरी तो सिंगर यांनी तयार केला होता. त्याच वर्षी मे महिन्यात हवाना येथे लॅटिन अमेरिकेसाठीच्या आर्थिक आयोगापुढे प्रेबिश यांचा निबंध आला. त्यातील आकडे याच अहवालातून घेतलेले होते. सिंगर यांचा स्वतःच्या नावाचा लेख मात्र १९५० साली छापला गेला. इतिहासकार जोसेफ लव्ह यांनी प्रेबिश यांच्या विचारांची मुळे १९३० नंतरच्या दशकापर्यंत मागे नेली आहेत. १९३५ ते १९४३ या काळात अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेची धुरा वाहताना महामंदीचे परिणाम प्रेबिश यांनी जवळून पाहिले होते, हे त्यासंदर्भात महत्त्वाचे ठरते. जॉन व रिचर्ड टॉय यांनी २००३ मध्ये सांख्यिकीय शोधाचे श्रेय सिंगर यांना दिले. किमतींच्या घसरणीचा शोध सिंगर यांचा आणि तेजी-मंदीच्या चक्रावर आधारलेले स्पष्टीकरण प्रेबिश यांचे, ही विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

हे स्पष्टीकरण असे : तेजीत औद्योगिक ‘केंद्रा’तील संघटित कामगार वेतनवाढ मिळवतात आणि मंदीत ती सोडत नाहीत; मग किमती उतरण्याचा सारा भार कच्चा माल पुरवणाऱ्या ‘परिघा’वरील असंघटित उत्पादकांवर पडतो. सिंगर यांचा भर मागणीवर होता. उत्पन्न वाढले तरी अन्नधान्यावरचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, आणि कृत्रिम पर्याय निघाले की नैसर्गिक मालाची मागणी घटते.

मूळ आकडेवारी ब्रिटनच्या परदेशी व्यापाराची होती. १८७६–८० मध्ये १०० धरलेला प्राथमिक व पक्क्या मालाच्या किमतींच्या गुणोत्तराचा निर्देशांक १९३६–३८ मध्ये सुमारे ६४ वर आला. यावर जेकब वायनर, गॉटफ्रीड हाबर्लर, एल्सवर्थ आदींनी आक्षेप घेतले. सर्वांत गंभीर आक्षेप बोटभाड्याचा आहे. ब्रिटनच्या आयातीचे मोल बंदरात माल पोचल्यावर, म्हणजे भाड्यासह, धरले जाई. निर्यातीचे मोल मात्र भाडे वगळून. वाफेच्या जहाजांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाडी उतरली. त्यामुळे ब्रिटनमध्ये गहू स्वस्त झाला म्हणजे तो पिकवणाऱ्यालाही कमी पैसे मिळाले, असे सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप गुणवत्तेचा : तांबे तेच राहते, पण १९३८ चे यंत्र १८७६ च्या यंत्राहून कितीतरी सरस होते. स्प्राओस यांनी १९८० मध्ये दाखवले, की दुसऱ्या महायुद्धापूर्वीची घसरण या दुरुस्त्यांनंतरही टिकते, मात्र तिचे प्रमाण कमी होते. मालिका १९७० पर्यंत वाढवल्यास स्पष्ट कल उरत नाही.

ग्रिली व यांग यांनी १९८८ मध्ये २४ वस्तूंची १९०० पासूनची मालिका तयार केली; तिच्यात वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घसरण दिसते. कडिंग्टन व उर्सुआ यांच्या मते मात्र ही सलग घसरण नसून १९२१ च्या सुमारास बसलेला एकच मोठा धक्का आहे. कॅशिन व मॅकडरमॉट यांचा २००२ मधील निष्कर्ष धोरणाच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो : दीर्घकालीन घसरण आहे, पण किमतींच्या चढउतारांपुढे ती फार लहान आहे. एखाद-दुसऱ्या मालावर जगणाऱ्या देशाचा अर्थसंकल्प मोडतो तो या चढउतारांनी.

धोरणकर्त्यांनी मात्र घसरणीचाच धडा प्रामुख्याने घेतला. आयात-पर्यायीकरणाला, म्हणजे आयात होणारा माल देशातच तयार करण्याच्या धोरणाला, त्यातून सैद्धांतिक बळ मिळाले. देशी उद्योगांना दिलेले संरक्षण दीर्घकाळ चालू ठेवल्याने कार्यक्षमता घटते, हा इशारा प्रेबिश यांनी स्वतः साठच्या दशकात दिला होता, तो पुरेसा ऐकला गेला नाही. १९६४ मध्ये जिनीव्हा येथे स्थापन झालेल्या अंक्टाडचे (संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद) ते पहिले महासचिव. विकसनशील देशांच्या पक्क्या मालाला जकातीत सवलत देण्याचे तत्त्व १९६८ च्या नवी दिल्ली परिषदेत मान्य झाले. किमती सावरण्यासाठी केलेले आंतरराष्ट्रीय करार फार टिकले नाहीत : कथिलाचा १९८५ मध्ये कोसळला, कॉफीचे कोटे १९८९ मध्ये स्थगित झाले. तांब्यावर अवलंबून असलेल्या चिलीने २००१ पासून खर्चाची मर्यादा तांब्याच्या दीर्घकालीन किमतीच्या अंदाजाशी बांधली. हा देशांतर्गत मार्ग अधिक परिणामकारक ठरला.

सिंगर यांनी पुढे आपला भर वस्तूंवरून देशांवर वळवला. अर्थशास्त्रज्ञ प्रबीरजित सरकार यांच्यासह १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी दाखवले, की विकसनशील देशांच्या पक्क्या मालाच्या किमतीही श्रीमंत देशांच्या पक्क्या मालापुढे घसरल्या होत्या.