रिसेप्शनला ड्रिंक्स ठेवायचेत? पुण्यात एक दिवसाचं लायसन्स कसं काढायचं, काय कागद लागतात, आणि माल किती घ्यायचा

माझ्या धाकट्या भावाच्या रिसेप्शनची सगळी जबाबदारी माझ्याकडे होती, बजेट टाइट होतं आणि मामेभाऊ, ऑफिसचे मित्र वगैरे सगळ्यांचा आग्रह की थोडं ड्रिंक्सचं बघ. तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की अरे प्रायव्हेट फंक्शन आहे, आपण थोडीच विकतोय, कशाला लायसन्स वगैरे. हे चुकीचं आहे. तुम्ही विका किंवा फुकट पाजा, हॉल किंवा लॉन्सवर पाहुण्यांना दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं, म्हणजे आपण ज्याला एक्साइज म्हणतो त्यांचं, एक दिवसाचं तात्पुरतं लायसन्स घ्यावं लागतं. ते नसेल आणि धाड पडली तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ लागतो. ढाब्यांवर विनापरवाना दारूच्या केसेस होतात तिथे कलम ६८ मालकावर आणि कलम ८४ तिथे बसून पिणाऱ्यावर लागतं, म्हणजे जागा देणारा आणि पिणारा दोघंही अडकतात. आपल्या काकांना, सासरच्या माणसांना पोलीस स्टेशनला बसवायची वेळ येऊ नये एवढ्यासाठी तरी हे काम करा.

आधी जागा कुठली ते बघा, कारण अर्ज लागणार की नाही ते त्यावर ठरतं. हॉटेलचा बँक्वेट हॉल असेल आणि त्यांच्याकडे एफएल-३ म्हणजे परमिट रूमचं लायसन्स असेल तर तेच सर्व्ह करतात, तुम्हाला बाहेरचा माल आणता येत नाही आणि रेट त्यांचे. फक्त एक विचारून घ्या की तुमचा हॉल किंवा टेरेस त्यांच्या लायसन्सच्या नकाशात आहे ना, कारण लायसन्स ठरलेल्या जागेपुरतंच असतं, खालच्या रेस्टॉरंटला आहे म्हणून वरच्या गच्चीला लागू होत नाही. म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडची लॉन्स, सिंहगड रोड, वाकड, वाघोली किंवा मुळशी-पानशेतकडचं फार्महाऊस असेल तर तिथे सहसा स्वतःचं लायसन्स नसतं, तिथे तुम्हालाच काढायचंय. आणि पेठांमधली बरीच मंगल कार्यालयं दारूला परवानगीच देत नाहीत, बुकिंगच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी वाचा. कॉर्केज म्हणून, म्हणजे बाहेरून आणलेली दारू तिथे देऊ द्यायचे, वेगळे पैसे घेतात का तेही तेव्हाच विचारा, आमच्या लॉन्सच्या मॅनेजरने हे शेवटच्या आठवड्यात सांगितलं आणि सगळं गणित हललं.

अर्ज ऑनलाइन होतो, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या पोर्टलवर. लॉगिन करून एक दिवसाच्या तात्पुरत्या लायसन्सची सेवा निवडायची, जिल्हा पुणे, मग कार्यक्रमाची तारीख, वेळ, जागेचा पूर्ण पत्ता, अंदाजे किती पाहुणे, कोणाच्या नावावर. नाव अशा माणसाचं द्या जो त्या रात्री शेवटपर्यंत तिथे थांबणार आहे, नवरदेवाचं नको, त्याला त्या दिवशी कोणी प्रश्न विचारू नये. फी लायसन्सचा प्रकार निवडला की तिथेच दिसते, ती गेल्या वर्षी मित्राने किती भरली त्यावरून धरू नका कारण सरकार फी बदलत असतं, आणि चलन सरकारच्या ग्रास प्रणालीवर, म्हणजे सरकारी पैसे ऑनलाइन भरायच्या वेबसाइटवर, भरायचं. कार्यक्रमाच्या किमान पंधरा दिवस आधी सुरुवात करा, शनिवार-रविवार आणि लग्नाच्या दाट मुहूर्तात अर्ज खूप असतात.

कागद म्हणून मी आधार, पॅन, राहण्याचा पुरावा, फोटो, लॉन्सच्या बुकिंगची पावती, मालकाचं किंवा मॅनेजरचं सही-शिक्क्याचं संमतीपत्र आणि लग्नपत्रिका एवढं स्कॅन करून ठेवलं होतं. यात संमतीपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, ते पहिल्याच भेटीत मागा. माझा अर्ज एकदा परत आला होता, कारण पत्रिकेवर फक्त लॉन्सचं नाव आणि "अमुक चौकाजवळ" होतं, मीही तेच टाकलं, आणि संमतीपत्रावर सर्व्हे नंबरसकट वेगळा पत्ता. दोन्हीकडे अक्षरशः एकच पत्ता हवा, संमतीपत्रावरचाच अर्जात उतरवा. तारखेचंही तसंच, आमचं लग्न शनिवारी सकाळी आणि रिसेप्शन रविवारी, पत्रिकेवर मोठ्या अक्षरात शनिवार, म्हणून रिसेप्शनच्या ओळीखाली पेनने रेघ मारून स्कॅन केलं.

तारीख ठरवतानाच ड्राय डे बघून घ्या. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे सगळ्यांना माहीत असतं, पण निवडणूक असेल तर मतदान संपायच्या वेळेच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस, शिवाय गणपतीत पुण्याचे जिल्हाधिकारी वेगळा आदेश काढतात. ड्राय डेला लायसन्स मिळत नाही. साउंडची परवानगी पोलिसांकडून वेगळी, आणि रात्री १० ला स्पीकर बंद, त्यामुळे बार काउंटरची वेळ त्याप्रमाणेच ठेवा.

आता पाहुण्यांचं. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडेही परमिट असावं लागतं, विदेशी मद्याचं (यात इथे बनलेली व्हिस्की, रम, बिअरही आली) एक दिवसाचं ५ रुपये, वर्षाचं १०० आणि आयुष्यभराचं १००० रुपये. ज्यांना घ्यायचीये त्यांचं एक दिवसाचं परमिट वाइन शॉपमधून काढून ठेवा, ५ रुपयांसाठी कटकट नको. वय बिअर-वाइनला २१ पूर्ण आणि व्हिस्की-रम वगैरेला २५ पूर्ण. हे मनापासून सांगतो, कॉलेजची चुलत भावंडं काउंटरला येतातच, तेव्हा काउंटरवर वाढप्याऐवजी घरातला एखादा ठाम माणूस उभा करा, आमच्याकडे मोठे मावसभाऊ होते आणि दादांसमोर कोणी वयाबद्दल खोटं बोललं नाही. काउंटर जेवणाच्या रांगेपासून लांब, आजी-आजोबा आणि लहान मुलांच्या नजरेआड ठेवला की कोणाला संकोचही होत नाही.

माल फक्त महाराष्ट्रातल्या परवानाधारक दुकानातून, पक्क्या बिलावर. गोव्याहून कोणीतरी गाडीत आणतो म्हणालं तर नको म्हणा, त्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं आणि ती इथे आणणं गुन्हा आहे. पुण्यात आर्मीवाले नातेवाईक बऱ्याच घरात असतात, कॅन्टीनची दारू स्वस्त पडते, पण तीही फक्त सैनिकांच्या स्वतःसाठी असते, काउंटरवर ठेवू नका. पेट्या गाडीतून नेताना लायसन्सची प्रिंट आणि बिल ड्रायव्हरजवळ द्या.

किती घ्यायचं याचं आमचं गणित. यादी १२० माणसांची, त्यात नावं घेऊन मोजली तर पिणारे ७०. अंदाजाने निम्मे वगैरे धरू नका, खरंच नावं लिहा, वहिनींनी आणि मी एका रात्री बसून केलं आणि सगळा फरक तिथेच पडला. ३० बिअरवाले, दोन-दोन ६५० मिलीच्या, म्हणजे ६० बाटल्या, १२ ची पेटी तर ५ पेट्या. ३० व्हिस्की-रमवाले, ६० मिलीचे तीन पेग, म्हणजे ९० पेग, ७५० च्या बाटलीत १२ धरायचे, ८ बाटल्या. १० जण वाइनवाले, दोन ग्लास, एका बाटलीत ५, म्हणजे ४ बाटल्या. जून २०२५ मध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचं, म्हणजे व्हिस्की-रम वगैरेचं, उत्पादन शुल्क वाढवलं, १८० मिलीची किमान किंमत २०५ झाली, तेव्हापासून व्हिस्कीवाले बिअरकडे वळवता आले तर बजेटला फार बरं पडतं, आम्ही म्हणूनच व्हिस्कीचा एकच ब्रँड आणि रम ठेवली, चार-पाच ब्रँड ठेवले की प्रत्येकाची अर्धी अर्धी उरते. बर्फ माणशी १ किलो धरा, थोडा नाही पुरेसाच, प्लास्टिकच्या टबात खाली बर्फ, मग बाटल्या आडव्या, वर परत बर्फ आणि मूठभर मीठ, दोन तास आधी. आमच्याकडे सात वाजता बाटली उचलली तर लेबल हातात निघून आलं एवढी गार होती. पेग मोजायला ३० आणि ६० चं माप द्या, हाताने ओतलं की बाटलीत १२ चे ८ होतात.

सील न फोडलेल्या पेट्या परत घेणार का ते दुकानदाराला खरेदीच्या वेळीच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. गाडी चालवणाऱ्यांची नावं आधीच काढा, रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदाच १० हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आम्ही दोन ट्रॅव्हल्सच्या गाड्या केल्या आणि एक स्वारगेटला, एक निगडीला सोडली.

लायसन्सची एक प्रिंट काउंटरच्या मागे चिकटवा आणि एक तुमच्या खिशात. लायसन्सवर लिहिलेली वेळ संपली की काउंटर बंद, उरलेला माल घरी नेणाऱ्याचं स्वतःचं परमिट हवं, आणि रिकाम्या बाटल्या लॉन्सवाल्याला तशाच टाकून येऊ नका, गोणीत भरून ठेवा, सकाळी भंगारवाला घेऊन जातो.