जातवार बोर्डिंगपासून प्रॅक्टिकलच्या बॅचपर्यंत

कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहं उभी केली ती जातवार: मराठा, जैन, पुढे लिंगायत, मुस्लिम, आणि 1908 साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळी हे शहाणपणाचंच होतं. एकत्र जेवण म्हटलं असतं तर निम्म्या पालकांनी पोरं पाठवलीच नसती. पोरगा शिकायला आला, पण घरचा चौका, म्हणजे कुणाच्या हातचं खायचं याचे नियम, त्याच्याबरोबर आला.

जैन बोर्डिंगमधल्या भाऊराव पाटलांना तो चौका नकोसा झाला. मिस क्लार्कच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ नाकारली आणि बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं बोर्डिंग निघालं आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

या बोर्डिंगचं मर्म पंगतीपेक्षा कामात होतं. दळण, स्वयंपाक, भांडी, शेतातली मेहनत हे सगळं मुलांनीच करायचं. एकाच्या हातचं पीठ, दुसऱ्याच्या हातची भाकरी. मग कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्नच शिल्लक राहत नव्हता. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा हीच रीत ‘कमवा आणि शिका’ या नावाने कॉलेजात आली.

पुढे 1954 साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रह कधी ओसरतात याच्या अटी मांडल्या: दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, काम मिळून करावं लागावं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. साताऱ्याच्या बोर्डिंगात या चारही गोष्टी होत्या. 1996 साली अर्नेस्ट पास्कारेला आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर अभ्यास केला. मुलं येतानाच वेगळ्या लोकांबद्दल मनाने किती मोकळी होती हे आधी मोजलं, नाहीतर मुळातल्या स्वभावाचं श्रेय कॉलेजला जातं. कॅम्पसवर राहणं, वेगळ्या विचारांच्या मुलांशी बोलणं आणि कॉलेज भेदभाव करत नाही असं वाटणं, याने मोकळेपणा वाढलेला दिसला. आपल्यासारख्यांच्याच मंडळात राहण्याचा परिणाम उलटा होता.

आपल्याकडे 1983 पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं आली, इस्लामपूरजवळ साखराळ्यालाही निघालं. मराठवाड्या-विदर्भातली मुलं इकडे येऊ लागली, पण मेस ठेकेदाराची झाली आणि हाताचं काम गेलं. ‘कमवा आणि शिका’तही फक्त गरजूच उरले तर बाग झाडणारा एक आणि बागेत बसणारा दुसरा, असं होतं. मग बरोबरीचा दर्जा हीच अट मोडते.

आज खरी गाठ पडते ती बारीकसारीक व्यवस्थेत. हजेरीपट आडनावाच्या अक्षरानुसार लावला आणि प्रॅक्टिकलच्या वीस-वीसच्या बॅच सरळ पाडल्या, की पाटील-पवारांचीच एक बॅच भरते. कांबळे, काळे, कुलकर्णी दुसरीकडे. सहा महिने एकाच वर्गात काढूनही ‘प’वाल्यांना ‘क’वाले कळत नाहीत. उपाय सोपा आहे: एक ते चार आकडे मोजत जायचं, प्रत्येक चौथा मुलगा एका बॅचला, आणि सहामाहीला फेरवाटप. हॉस्टेलच्या खोल्याही चिठ्ठी टाकूनच द्याव्यात. ‘आमच्या गावचा आहे, एकत्र ठेवा’ ही विनंती पहिल्या आठवड्यात मानली, की खोल्या पुन्हा 1901 सारख्या होतात, फक्त पाटी लागत नाही.

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर अजून त्यातल्या त्यात बोर्डिंगच्या जवळ जातं. तिथेही गट मुलांना पाडू दिले तर दोस्तमंडळी एकत्र बसतात, आणि स्वयंपाक आपसूक मुलींकडे जातो. रोजच्या रोज गट फिरवायचा, भाकरी करण्याच्या आणि खड्डे खणण्याच्या पाळ्यांचा तक्ता पहिल्या रात्रीच भिंतीवर लावायचा. शिष्यवृत्तीची यादी मात्र भिंतीवर नको. नावापुढे प्रवर्ग छापून ती लावली, की वर्गात कोण कुठला हे एका दुपारीत सगळ्यांना कळतं आणि डब्याचे गट त्याच दुपारी बदलतात.