ग्लुकोज की ओआरएस? दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या पंचासाठी

गावात कोणाला सलाईन लावली की आमच्याकडे म्हणतात, 'ग्लुकोजची बाटली चढवली.' त्या बाटलीत पुष्कळदा ग्लुकोजचा कणही नसतो. लिटरमागे 9 ग्रॅम मीठ, म्हणजे निव्वळ मिठाचं पाणी. पण बाटली संपता संपता माणूस उठून बसतो आणि ती तरतरी ग्लुकोजच्या नावावर जमा होते. किराणा दुकानातला ग्लुकोजचा डबा 'ताकदीचा' ठरला त्यात या नावाचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. आणि त्याच वाटेनं तो आमच्या मैदानावर आला.

एप्रिल-मे म्हणजे आमच्या भागात टेनिस बॉल क्रिकेटचा हंगाम. शाळांना सुट्ट्या, वावरं रिकामी. एखादं सपाट वावर बघायचं, चुना मारायचा, मंडप टाकायचा की मैदान तयार. मी अशा सामन्यांत बरीच वर्षं अंपायरिंग करतो आहे. खेळाडू आपली मॅच खेळतो आणि निंबाच्या सावलीत जाऊन बसतो. पंच सकाळी आठला उभा राहिला की दिवसाकाठी पाच-सहा मॅचेस होईपर्यंत तिथेच. पारा 44-45 वर. दर डावाच्या शेवटी एक पोट्टं जग घेऊन धावत येतं, 'गुरुजी, ग्लुकोज घ्या ना जी, पावर येते.' इतक्या प्रेमानं दिलेला ग्लास नाकारवत नाही. पण त्या ग्लासात काय आहे आणि अंगातून काय गेलं आहे, याचा मेळ बसत नाही.

अंगातून काय गेलं ते पाहायचं असेल तर संध्याकाळी पंचाची टोपी हातात घ्या. काळी किंवा निळी असेल तर उत्तमच. कपाळाच्या पट्टीच्या थोडं वर एक पांढरी, वेडीवाकडी रेघ दिसेल, नदीच्या काठाला पूर ओसरल्यावर उरते तशी. नखानं खरवडली तर भुगा पडतो. ते मीठ आहे. शर्टाच्या पाठीवर, पँटच्या कमरेवरही तशाच लहरी. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे घाम ओघळण्याआधीच उडून जातो आणि माणसाला वाटतं, मला काही फारसा घाम येत नाही. उलट, हवाच अंगापेक्षा गरम असते तेव्हा शरीराला थंड व्हायला घाम उडणं हा एकच मार्ग उरतो. पाणी उडून जातं, मीठ कापडावर राहतं. लिटरभर घामात माणसागणिक साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम असतं. साखर मात्र घामातून नावालाच जाते.

आता ग्लुकोजच्या डब्याची मागची बाजू वाचा. साध्या ग्लुकोज पावडरीत जवळजवळ सगळं डेक्स्ट्रोज असतं, म्हणजे लगेच रक्तात उतरणारी साखर. थोडं कॅल्शियम, थोडं जीवनसत्त्व. सोडियम नाही किंवा नावापुरतं. काही कंपन्या क्षार घालतात, म्हणून समोरचं चित्र न बघता मागचं कोष्टक बघावं. दोन मोठे भरगच्च चमचे टाकले तर तीसेक ग्रॅम साखर, म्हणजे सव्वाशे कॅलरीच्या आसपास. पोटात काही नसेल तर त्यानं बरं वाटतं, हे खरं आहे. पण टोपीवर गेलेलं मीठ त्यातून परत येत नाही.

ओआरएसच्या पाकिटात चारच वस्तू असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2002 पासून ठरवून दिलेल्या प्रमाणात एका लिटरसाठी ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम. एकूण 20.5 ग्रॅमचं पाकीट. म्हणजे ग्लुकोज यातही आहेच, आणि गोंधळ इथेच होतो. फक्त ते इथे ताकदीसाठी घातलेलं नाही. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी खेचलं जातं. त्यासाठीच ओआरएसमध्ये दोघांचे रेणू मोजून सारखे ठेवले आहेत, लिटरमध्ये 75 मिलिमोल सोडियम आणि 75 मिलिमोल ग्लुकोज. साखर इथे मिठाचा हात धरून त्याला आत नेते. साखर फार झाली की उलटा खेळ सुरू होतो. घट्ट गोड पाणी आतड्यात रक्तातलं पाणी ओढून घेतं, पोट जड होतं, ढवळतं, एखाद्याला जुलाबही होतात.

हे शास्त्र किती कामाचं आहे ते 1971 साली दिसलं. बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिल्या. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. शिरेतून द्यायचं ते तोंडातून देता येतं, हे त्या छावणीनं जगाला दाखवलं. गावची आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, आपल्या पिशवीतून जे पाकीट काढून देते, त्यामागे हे सगळं आहे.

मला हा फरक कळला तो एका उपांत्य सामन्यात. सकाळपासून पाच-सहा ग्लास ग्लुकोज आणि मधे मधे जारचं थंड पाणी, एवढ्यावर चाललं होतं. दुपारचं जेवण नको वाटलं, कारण गोडानं भूक मेली होती. मी षटकातले चेंडू सहा खड्यांवर मोजतो, चेंडू पडला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. त्या दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या हातात खडा होता आणि तो टाकायचा आहे की टाकून झाला आहे, हे मला आठवेना. एका षटकात सात चेंडू झाले. सातव्या चेंडूवर फलंदाज झेलबाद झाला. त्या पोराची काही चूक नव्हती, आणि तो निर्णय मला आजही सलतो. रात्री खाटेवर पोटऱ्यांत असे गोळे आले की पाय सरळ होईना. थकवा होताच, पण दिवसभर मीठ घामावाटे गेलं आणि गोड पाण्याशिवाय पोटात काही पडलं नाही, हेही होतं. नुसतं पाणी फार पिऊनही रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते टोकाला गेलं तर जिवावर बेततं. म्हणून कितीही तहान असली तरी तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक छोटा ग्लास, ही चाल बरी.

अंपायरचं काम पायाचं कमी आणि डोक्याचं जास्त. गडी थकला तर धाव कमी पडते, पंच थकला तर दुसऱ्याचा निकाल बदलतो. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझं हात जोडून सांगणं आहे, ट्रॉफ्यांच्या खर्चात ओआरएसच्या पाकिटांचा खर्च दिसणारही नाही.

पाकीट आणलं तरी एक घोळ ठरलेला. लिटरचं पाकीट कोणी एका ग्लासात ओततं, 'चांगलं घट्ट होऊ द्या' म्हणून. ते नुसतं खारट लागत नाही, तर अपायकारक असतं. मीठ फार झालं की शरीराचं पाणी आणखी ओढलं जातं. अर्धं पाकीट अंदाजानं टाकणंही चूक, कारण चारही पावडरी पाकिटात सारख्या मिसळलेल्या असतीलच असं नाही. मोठं पाकीट पूर्ण आणि पाणी पूर्ण लिटर. दोनशे मिलीसाठीची छोटी पाकिटं मेडिकलमध्ये मिळतात, मैदानावर तीच सोयीची. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावं. आणि मेडिकलवाल्याकडे नुसतं 'ओआरएस द्या' म्हणू नका, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण छापलेलं आहे का बघा. खोक्यातली तयार गोड पेयं वर्षानुवर्षं नावात 'ओआरएस' लावून विकली गेली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्या प्रमाणात न बसणाऱ्या पेयांना हे नाव लावायला मनाई केली.

पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लिंबू चवीपुरतं. एक-दोन मॅचेसच करायच्या असतील आणि माणूस नीट जेवत असेल, तर याचीही गरज नाही. मिठाचा मठ्ठा, मीठ-जिरं घातलेलं कैरीचं पन्हं, दुपारी पोळीभाजी आणि हवं तेव्हा माठाचं पाणी, एवढं पुरतं. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे घामाची भरपाई एकट्या नारळपाण्यावर सोडू नये. आमच्या पंचांत निवृत्त मास्तर पुष्कळ. ज्यांना बीपीच्या किंवा मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी ओआरएस किती घ्यावं हे हंगामाआधी डॉक्टरांना विचारावं. साखरेचा आजार असलेल्यांनी दिवसभर ग्लुकोज पिणं तर साफ चूक.

एक वेळ अशी येते की दोन्ही बाजूला ठेवायचे. माणूस बडबडायला लागला, नाव विचारलं तर भलतंच सांगतो, चालताना झोकांड्या जातात, अंग तव्यासारखं तापलं आहे, मग घाम असो वा नसो, त्याच्या तोंडाला ग्लास लावत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, जारचं सगळं पाणी अंगावर ओता, ओल्या दुपट्ट्यानं वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपत चाललेल्याच्या तोंडात पाणी गेलं तर ते श्वासनलिकेत उतरतं. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.

आणि ग्लुकोजचीही आपली वेळ आहे. साखरेच्या आजारावरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी उन्हात उभा राहिला की त्याची शुगर पडू शकते. हात थरथरतात, गार घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते. बघणाऱ्याला वाटतं, ऊन लागलं. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर चहाचे तीन-चार चमचे ग्लुकोज अर्धा ग्लास पाण्यात द्यावं आणि पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्यावं. इथे ओआरएस फार पातळ पडतं, तेवढी साखर मिळायला लिटरभर प्यावं लागेल.

माझ्या पिशवीत आता दोन डबे असतात. ग्लुकोजच्या डब्यावर मार्करनं 'शुगर पडली तर' आणि पाकिटांच्या डब्यावर 'घामासाठी' असं लिहिलं आहे. पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी स्कोअर लिहिणाऱ्या पोट्ट्याला दोन्ही डबे उघडून दाखवतो.