3.8 गिगाहर्ट्झवर घोडं कुठे अडलं?

6 मार्च 2000 रोजी एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीने 1 गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन हा प्रोसेसर जाहीर केला, आणि दोनच दिवसांनी तिच्या प्रतिस्पर्धी इंटेलने तेवढ्याच वेगाचा पेंटियम 3. दोघांनाही हा आकडा आधी गाठायचा होता, कारण दुकानात कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी तोच विचारायचा. लॅपटॉपच्या जाहिरातीत तो आजही ठळक छापलेला असतो. पण नुसत्या गिगाहर्ट्झवरून प्रोसेसर किती काम उरकेल हे कळत नाही. याची सर्वात मोठी किंमत खुद्द इंटेलने मोजली.

हा आकडा मोजतो काय, ते आधी पाहू. मदरबोर्डवर एका लहानशा धातूच्या डबीत क्वार्ट्झचा स्फटिक असतो. वीज मिळाली की तो अगदी ठरावीक गतीने कंप पावतो. चिपमधलं एक सर्किट त्या कंपनांवरून कितीतरी पट वेगवान ठोके तयार करतं आणि प्रोसेसरचं सगळं काम त्या ठोक्यांवर चालतं. ठोका पडला की आकडे पुढे सरकतात, आणि पुढचा ठोका पडायच्या आत उत्तर तयार असावं लागतं. 1981 च्या आयबीएम पीसीचा वेग 4.77 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 47.7 लाख ठोके, असा विचित्र होता. त्याचं कारण मजेशीर आहे: अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या सिग्नलशी जुळणारा 14.318 मेगाहर्ट्झचा स्फटिक त्यात बसवला होता आणि त्याला तीनने भागून प्रोसेसरचा ठोका काढला होता.

3.8 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 380 कोटी ठोके. दोन ठोक्यांमधल्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा जेमतेम आठ सेंटिमीटर जातो. तेवढ्यात चिपने कामाचा एक टप्पा उरकायचा असतो. म्हणून ठोके वाढवायचे तर टप्पा लहान करावा लागतो, आणि पेंटियम 4 मध्ये इंटेलने नेमकं तेच केलं. नोव्हेंबर 2000 मध्ये आलेल्या या प्रोसेसरमध्ये प्रत्येक सूचना वीस टप्प्यांतून जायची. 2004 च्या प्रेस्कॉट आवृत्तीत टप्पे 31 झाले.

लग्नघरात पोळ्यांची रांग बसते, तसं हे काम. एकीने गोळे करायचे, दुसरीने लाटायचं, तिसरीने भाजायचं, चौथीने तूप लावायचं. कामाचे तुकडे जितके बारीक, तितका प्रत्येकीचा हात भरभर चालतो. पण मध्येच निरोप आला की पोळ्या नकोत, पुऱ्या करा, तर रांगेतलं सगळं अर्धवट काम बाजूला पडतं. प्रोग्राममध्ये असे निरोप सतत येतात. साधारण दर पाच-सहा सूचनांमागे एक तरी सूचना ‘अमुक असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ अशी असते. पुढची वाट कुठली, याचा प्रोसेसर अंदाज बांधतो आणि त्या वाटेवरचं काम आधीच सुरू करतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. चुकला, की रांग रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. रांग 31 टप्प्यांची असेल तर नुकसानही तेवढंच मोठं.

म्हणूनच 1.53 गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन एक्सपी त्याहून जास्त आकड्याच्या पेंटियम 4 ला अनेक कामांत बरोबरीची टक्कर देत होता. एका ठोक्यात तो जास्त काम करायचा. पण हे गिऱ्हाइकाला पटवायचं कसं? एएमडीने प्रोसेसरच्या नावातून गिगाहर्ट्झच काढून टाकले आणि त्याला ‘1800+’ म्हणायला सुरुवात केली.

इंटेलची खरी अडचण मात्र उष्णतेची होती. चिपमध्ये खर्च होणारी वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. ठोके वाढवायचे तर बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही वीस-वीस टक्क्यांनी वाढवले तर वीज 73 टक्क्यांनी वाढते. पूर्वी यावर उपाय होता. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म स्विच, लहान केले की व्होल्टेजही उतरवता येतं आणि चिप तापत नाही, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्येच दाखवलं होतं. पण ट्रान्झिस्टर फारच बारीक झाल्यावर ते बंद असतानाही त्यांच्यातून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणं अवघड झालं. पेंटियम 4 चा वेग 3.8 गिगाहर्ट्झवर थांबला. जाहीर केलेली 4 गिगाहर्ट्झची आवृत्ती इंटेलने ऑक्टोबर 2004 मध्ये रद्द केली, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर व्यासपीठावर गुडघे टेकून माफी मागितली.

1993 चा पेंटियम 66 मेगाहर्ट्झचा होता. तिथून अकरा वर्षांत वेग सुमारे 57 पट झाला. पुढच्या एकोणीस वर्षांत, म्हणजे 2023 मध्ये, तो 6 गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. दुप्पटही नाही!

तरी कॉम्प्युटर वेगवान होतच राहिले. वरचंच गणित उलटं मांडा. ठोके आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले, तर वीज जवळपास निम्मी होते. म्हणजे एका कोअरच्या (चिपमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रोसेसरच्या) विजेत दोन कोअर चालतात आणि काम वाटून घेता आलं, तर दीडपटीहून जास्त उरकतं. 2006 मध्ये आलेला इंटेलचा कोअर 2 ड्युओ दोन कोअरचा होता आणि त्याची रांग 14 टप्प्यांची. त्याचा मुळातला आराखडा लॅपटॉपसाठी वीज वाचवणाऱ्या पेंटियम एम चा, इस्राएलमधल्या हैफाच्या टीमने तयार केलेला. 2.4 गिगाहर्ट्झच्या या चिपने 3.8 वाल्या पेंटियम 4 ला सहज मागे टाकलं. मला हा प्रोसेसरच्या इतिहासातला सगळ्यात सुंदर विजय वाटतो.

जास्त ठोके वाया जाण्याचं आणखी एक ठिकाण म्हणजे मेमरी. रॅममधून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून, आकडा आणायला साधारण 60 ते 100 नॅनोसेकंद लागतात. 4 गिगाहर्ट्झला तेवढ्यात 240 ते 400 ठोके पडून जातात. म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची लहान, चपळ मेमरी ठेवतात. ती मोठी असली की कित्येक कामांत गिगाहर्ट्झ वाढवण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा तक्ता पाहा. तिथे बेस स्पीड स्थिर दिसेल, पण शेजारचा स्पीड सतत खालीवर होत असेल. जाहिरातीतला आकडा बहुधा सर्वात वरचा असतो. एखादं अ‍ॅप उघडताना तो क्षणभर गाठला जातो. व्हिडिओ एडिटिंगसारखं लांबणारं काम लावलं की चिप तापते, आणि प्रोसेसर आपणहून ठोके कमी करतो. त्यामुळे एकाच प्रोसेसरच्या दोन लॅपटॉपमध्ये, बाकी सगळं सारखं असेल, तर मोठा पंखा असलेला जाडजूड लॅपटॉप हे काम आधी संपवतो.