भरून झालेल्या पेरोल रिटर्नमध्ये चूक निघाली तर

अमेरिकेत छोटा व्यवसाय चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मागच्या तिमाहीच्या फॉर्म ९४१ मध्ये, म्हणजे पगारावरच्या करांच्या तिमाही रिटर्नमध्ये, चूक सापडली की बरेच मालक तो फरक पुढच्या तिमाहीत मिसळून टाकतात. मार्चअखेर कमी दाखवलं, मग जूनअखेर तेवढंच जास्त दाखवलं, वर्षाचा हिशेब जुळला. कृपा करून असं करू नका. आयआरएसकडे, म्हणजे केंद्राच्या करखात्याकडे, प्रत्येक तिमाहीचा हिशेब वेगळा असतो. फरक पुढे ढकलल्याने पहिल्या तिमाहीतली तूट तशीच राहते आणि दुसऱ्या तिमाहीचे आकडेही बिघडतात. पुढे नोटीस आली की एकाऐवजी दोन तिमाही निस्तराव्या लागतात.

ज्या तिमाहीत चूक झाली तिच्यासाठीच फॉर्म ९४१-एक्स, म्हणजे ९४१ चा दुरुस्ती फॉर्म, भरायचा. दोन तिमाहींत चूक असेल तर दोन वेगळे फॉर्म. तो चालू तिमाहीच्या ९४१ ला जोडून पाठवायचा नाही, तो स्वतंत्रच जातो. २०२४ पासून तो ऑनलाइनही भरता येतो. वर्षातून एकदा ९४४ भरणाऱ्यांसाठी ९४४-एक्स आहे. बेरोजगारी कराच्या ९४० ला मात्र वेगळा दुरुस्ती फॉर्म नाही. त्या वर्षाचाच ९४० पुन्हा भरून वरच्या ‘सुधारित’ चौकटीत खूण करायची. आणि एखाद्या तिमाहीचं रिटर्न भरायचंच राहून गेलं असेल, तर आधी मूळ ९४१ भरायला हवा.

चूक कधी सापडली, ते लिहून ठेवा

हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो, कारण व्याज लागणार की नाही हे बहुतेक वेळा याच तारखेवर ठरतं.

समजा, फेब्रुवारीत तुम्ही एका कर्मचाऱ्याला २,००० डॉलर बोनस वेगळ्या चेकने दिला आणि तो पेरोलमध्ये चढवायचा राहिला. जूनमध्ये बँकेचं स्टेटमेंट जुळवताना ते लक्षात आलं. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनाचा कर) ६.२ टक्के आणि मेडिकेअर (वृद्धांच्या आरोग्य विम्याचा कर) १.४५ टक्के, कर्मचाऱ्याचा आणि तुमचा वाटा मिळून १५.३ टक्के, म्हणजे ३०६ डॉलर. चूक दुसऱ्या तिमाहीत सापडली आणि त्या तिमाहीच्या रिटर्नची मुदत ३१ जुलै. तोवर पहिल्या तिमाहीचा ९४१-एक्स भरलात आणि तो पाठवायच्या वेळेपर्यंत ३०६ डॉलर भरलेत, तर व्याज लागत नाही, आणि उशिरा भरल्याचा दंडही सहसा लागत नाही. ऑगस्टपर्यंत रेंगाळलात की ही सवलत गेली. मुद्दाम कमी दाखवलं असेल, किंवा तो मुद्दा आयआरएसने तपासणीत आधीच काढला असेल, तर ती मुळातच मिळत नाही.

फॉर्मवर चूक सापडल्याची तारीख आणि सविस्तर खुलासा मागतात. ‘नजरचुकीने राहिलं’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या ओळीत, किती रकमेचा फरक, तो कशामुळे पडला आणि कोणत्या कागदावरून कळला, हे सगळं लिहावं लागतं. त्या दिवशीच चार ओळी खरडून ठेवल्यात तर तीन महिन्यांनी आठवत बसावं लागणार नाही.

वरच्या उदाहरणात कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १५३ डॉलर पगारातून कापलेले नाहीत. तरी सरकारला ते भरायची जबाबदारी तुमची. ते पुढच्या पगारातून वळते करता येऊ शकतात, पण राज्याचा कायदा आधी बघा आणि कापण्यापूर्वी त्या माणसाशी बोला. पगाराच्या दिवशी अचानक रक्कम कमी दिसली की विश्वास तुटतो.

आयकराच्या कपातीचा नियम जरा कडक आहे. कमी कपात झाली असेल तर ती त्याच कॅलेंडर वर्षात सुधारता येते. वर्ष उलटल्यावर सहसा नाही. अपवाद असा की प्रत्यक्षात कापलेली रक्कम एक आणि फॉर्मवर लिहिलेली दुसरीच असेल, जसं ५४० कापले आणि ४५० लिहिले, तर ती नंतरही दुरुस्त होते.

जास्त भरलं असेल तर

करमुक्त धरायचा आरोग्य विम्याचा हप्ता सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या प्रकारात चढला आणि त्यावरही कर कापला गेला, असं होतं. अशा वेळी दोन मार्ग: जादा रक्कम आयआरएसकडच्या तुमच्या खात्यात वळती करून घेणं, किंवा परतावा मागणं. पण आधी कर्मचाऱ्याचा वाटा त्याला परत करावा लागतो. परतावा मागायचा असेल, तर पैसे परत करण्याऐवजी त्याची लेखी संमतीही चालते. मागच्या वर्षातली कपात असेल, तर ‘ही रक्कम मी आयआरएसकडे मागितलेली नाही आणि मागणार नाही’ असंही त्याच्याकडून लिहून घ्यायचं. तुमचे पैसे अडकलेत हे मान्य, पण अर्धे त्याचे आहेत.

दुरुस्तीची मुदत रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांची. वर्षातली वेळेत भरलेली रिटर्न्स पुढच्या १५ एप्रिलला भरली असं धरलं जातं, म्हणजे २०२४ च्या चारही तिमाहींसाठी १५ एप्रिल २०२८ पर्यंत. जास्त भरलेल्या करासाठी, कर भरल्यापासून दोन वर्षं ही तारीख नंतरची असेल तर ती धरतात. शेवटच्या ९० दिवसांत मात्र वळती करून घेण्याचा मार्ग बंद होतो, परतावाच मागावा लागतो. म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नका.

डब्ल्यू-टू विसरू नका

९४१-एक्स गेला की काम संपलं असं वाटतं. डब्ल्यू-टू, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, देऊन झाल्यावर चूक सापडली असेल, तर डब्ल्यू-टू-सी आणि डब्ल्यू-थ्री-सी हे दुरुस्ती फॉर्म सोशल सिक्युरिटी प्रशासनाकडे पाठवायचे आणि कर्मचाऱ्याला त्याची प्रत द्यायची. नावाचं स्पेलिंग किंवा सोशल सिक्युरिटी नंबर चुकला असेल तरीही हाच मार्ग.

याबद्दल आम्हाला कळकळीने सांगावंसं वाटतं. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरतं आणि ते मिळायला ४० क्रेडिट (कमाईवर मिळणारे गुण) लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. तुमच्याकडचा एखादा कर्मचारी पन्नाशीत या देशात आला असेल, तर त्याचं एकेक क्रेडिट मोलाचं आहे. तुमच्या कागदावर न चढलेला पगार त्याच्या खात्यावरही चढत नाही, आणि हे त्याला पासष्टीत कळलं तर तेव्हा तुमचा व्यवसाय असेलच असं नाही.

ऑनलाइन भरणा करताना चुकीची तिमाही निवडली गेली, तर त्याला ९४१-एक्स लागत नाही. रिटर्न बरोबरच असतं. आयआरएसला फोन करून ती रक्कम योग्य तिमाहीत हलवून घ्यायची. भरणाच उशिरा झाला असेल तर दंड दिवसांप्रमाणे चढतो: पाच दिवसांपर्यंत २ टक्के, पंधरा दिवसांपर्यंत ५, त्यापुढे १०. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर ही तुमच्याकडची ठेव आहे. ती जाणूनबुजून भरली नाही, तर कंपनी वेगळी असली तरी जबाबदार व्यक्तीकडून ती सगळी रक्कम वैयक्तिक वसूल होऊ शकते. पेरोलचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं असलं तरी कायद्याने जबाबदारी सहसा तुमचीच राहते.

राज्याची रिटर्न्स वेगळी असतात आणि केंद्राची दुरुस्ती तिकडे आपोआप पोचत नाही.

आमच्याकडे येताना त्या वर्षाचे चारही ९४१, डब्ल्यू-थ्री (सगळ्या डब्ल्यू-टूंची एकत्र बेरीज), पगाराचं रजिस्टर, भरण्याच्या पावत्या आणि नोटीस आली असेल तर पाकिटासकट ती आणा. चारही ९४१ ची बेरीज डब्ल्यू-थ्रीशी जुळते का, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो.